पहिला प्रिंटर घेताना, आणि तो अडून बसल्यावर: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या नवख्यांसाठी

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या, की शहापुरातल्या माझ्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात काही गिऱ्हाइकं पेन ड्राइव्ह घेऊन येतात आणि काही अख्खा प्रिंटरच पिशवीत घालून आणतात. "अक्का, काल चालत होता की ओ. आज नुसता लाल दिवा लावून बसलाय. बघा की जरा." मी रिपेअरी करत नाही, पण पंधरा वर्षं रोज याच यंत्रांशेजारी बसते, त्यामुळे झाकण उघडून बघतेच. बहुतेक वेळा यंत्र बिघडलेलं नसतं. कागद सर्दावलेला असतो, साइज चुकलेली असते, नाहीतर शाई वाळलेली असते. कितीदा तर त्या घराला तो प्रिंटर नकोच होता, दुसऱ्या जातीचा हवा होता. माणसं चिडलेली असतात आणि त्यांचं चिडणं खरं आहे. कष्टाचे पैसे घालून आणलेली वस्तू अर्जाच्या शेवटच्या दिवशी पान देत नसेल तर राग येणारच.

पहिल्यांदा प्रिंटर घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. दुकानात जाऊन प्रिंटर निवडू नका. आधी घरी बसून महिन्याची पानं मोजा. मग आपल्या गावात तो प्रिंटर कोण दुरुस्त करतो ते विचारा. मॉडेल सगळ्यांत शेवटी. बरेच जण याच्या उलट करतात आणि तिथेच फसतात.

पहिली पायरी: पानं मोजा

एक महिना वही ठेवा. मुलांचे प्रोजेक्ट, जमिनीचे उतारे, आधारच्या प्रती, बँकेचे फॉर्म, ऑफिसची बिलं, जे जे छापून आणाल ते लिहा. काळं किती, रंगीत किती, तेही वेगळं लिहा.

महिन्याला वीस-पंचवीस पानं होत असतील तर प्रिंटर घेऊच नका. दुकानात पानाला तीन रुपये धरले तरी वीस पानांचे साठ रुपये होतात, वर्षाचे सातशे वीस. बारा-चौदा हजारांचा प्रिंटर त्या हिशोबाने फिटायला पंधरा-वीस वर्षं लागतील, आणि एवढी वर्षं तो चालणार नाही. झेरॉक्सच्या दुकानातली बाई हे सांगते म्हणून शंका घेऊ नका, कागद-पेन्सिल घेऊन गणित करून बघा.

पंचवीसच्या पुढे शंभर-दीडशेपर्यंत पानं असतील आणि त्यात रंगीतही असतील, तर इंक टँक. काळीच पानं असतील, वकिली, दस्त लिहिणं, क्लासच्या नोट्स, विमा, पतसंस्था असलं काम असेल, तर काळ्या छपाईचा लेझर. आणि पानं पुष्कळ, पण कधी आठवडाभर एकही नाही आणि मग एकदम दीडशे, असं असेल तरीही लेझरच. कारण पुढे येईल.

दुसरी पायरी: प्रिंटरच्या तीन जाती ओळखा

पहिली जात कार्ट्रिजवाल्या छोट्या इंकजेटची. दुकानात सगळ्यांत स्वस्त दिसतो तो हाच, आणि मला सगळ्यांत जास्त रडवेली माणसं भेटली ती यानेच. यंत्र स्वस्त विकायचं आणि शाईवर कमवायचं, हा या जातीचा जुना व्यवहार आहे. हिशोब असा करा: कार्ट्रिजची किंमत भागिले खोक्यावर लिहिलेली पानं. समजा कार्ट्रिज नऊशे रुपयांचं आणि पानं १२० लिहिली आहेत, तर एक काळं पान साडेसात रुपयांना पडलं. दुकानातल्या पानाच्या अडीचपट, तेही कागदाचे पैसे न धरता. शिवाय ती १२० पानं कमी शाईच्या ठराविक नमुना पानांवर मोजलेली असतात. तुम्ही पानभर फोटो छापलात तर आकडा तिथपर्यंत जाणारच नाही. नव्या प्रिंटरसोबत मिळणारं पहिलं कार्ट्रिज पुष्कळदा अर्धवट भरलेलं असतं, तेही लक्षात ठेवा.

दुसरी इंक टँकची. पुढे किंवा बाजूला पारदर्शक टाक्या असतात, बाटलीने शाई ओतायची. एप्सनच्या घरगुती टँक प्रिंटरांना लागणाऱ्या ००३ नंबरच्या काळ्या शाईची ६५ मिलिलीटरची बाटली येते आणि तिच्यावर कंपनी सुमारे ४,५०० पानं सांगते. त्याच्या निम्मी निघाली तरी पान पैशांत बसतं, रुपयांत जात नाही. पण ही शाई पातळ. यंत्र महिनाभर बंद राहिलं की हेडची, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागाची, बारीक भोकं बुजतात. आणि बऱ्याच टँक प्रिंटरांची अक्षरं पाण्याचा थेंब पडला की पसरतात. पावसात छत्री सांभाळत कचेरीत अर्ज घेऊन जाणाऱ्याने हे विसरू नये.

तिसरी लेझर. यात शाई नसते, टोनर म्हणजे कोरडी पूड असते. ड्रमवर अक्षराचा विजेचा ठसा उमटतो, त्यावर पूड चिकटते, तिथून ती कागदावर येते आणि २०० अंशांच्या आसपास तापलेला फ्यूजर तिला वितळवून कागदात बसवतो. पूड वाळायचा प्रश्नच नाही, सहा महिन्यांनी चालू केला तरी पान येतं. भिजलं तरी अक्षर पुसत नाही. म्हणून कधीमधीच, पण एकदम छापणाऱ्यालाही मी लेझरच सांगते.

आपल्याकडच्या जुन्या ऑफिसांत एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० अजून चालताना दिसतील. एवढी वर्षं ते टिकले त्याला कारण आहे. एचपीत १२ए आणि कॅननमध्ये ३०३ नावाचं कार्ट्रिज बसतं. दोन्ही मुळात एकाच घडणीची, दोन हजार पानांची. १२एमध्ये प्रिंटरला ओळख सांगणारी चिप नाही, त्यामुळे गल्लीतला माणूस ते भरून देऊ शकतो, ड्रम बदलू शकतो, ड्रम पुसणारं ब्लेड बदलू शकतो. जुना घेणार असाल तर आधी आपल्या कॉम्प्युटरवर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, बसतो का ते दुकानातच लावून बघा. पैसे त्यानंतर.

तिसरी पायरी: दुरुस्त कोण करणार, ते विकत घेण्याआधी विचारा

सीमाभागात राहणाऱ्यांचा वेगळा घोळ इथे होतो. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. त्यामुळे माणूस सहज कोल्हापुरातून खरेदी करून येतो. वॉरंटीला अडचण नसावी, कारण ती कंपनीची असते आणि देशभर चालते. तरी माझ्या ओळखीच्या एका क्लासवाल्या सरांना "बिल महाराष्ट्राचं आहे, तिकडेच न्या" असं एका सर्व्हिस सेंटरमध्ये तोंडावर सांगितलं. सर तीन आठवडे हेलपाटे घालत होते. दहावीच्या सराव प्रश्नपत्रिका त्यांनी माझ्याकडून छापून नेल्या, पदरचे पैसे घालून. मला त्याचा आजही राग येतो.

म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराला चार गोष्टी विचारा. वॉरंटी ऑनसाइट आहे की कॅरी-इन? म्हणजे माणूस घरी येणार, की खानापुरातून बसमध्ये प्रिंटर मांडीवर घेऊन तुम्ही बेळगावला यायचं? सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे, की हुबळीला? वॉरंटी नुसती एक वर्षाची, की "एक वर्ष किंवा इतकी पानं, यांतलं जे आधी होईल ते"? या टोनरचं किंवा शाईचं दुसरं पाकीट आज, आत्ता तुमच्या दुकानात आहे का? चौथ्या प्रश्नाला "मागवून देतो" असं उत्तर आलं तर ते मॉडेल सोडा.

बिल पक्कं घ्या. खडेबाजारात कन्नड दुकानदार असेल तर नुसतं "बिल कोड्री" म्हणा, पुरतं. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर दोन्ही हवेत. घरी आल्यावर प्रिंटरच्या पाठीवरच्या सिरियल नंबरच्या चिकटपट्टीचा फोटो काढून बिलाच्या फोटोबरोबर स्वतःलाच व्हॉट्सअॅप करून ठेवा. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पांढरं पडतं. फोटो राहतो.

सर्व्हिससाठी फोन केलात की माझ्या अनुभवात पलीकडचा माणूस बरेचदा हुबळी-बंगळूरचा असतो आणि कन्नड किंवा हिंदीत बोलतो. घाबरायचं काही नाही. मॉडेल, सिरियल नंबर आणि स्क्रीनवर किंवा दिव्यांनी दाखवलेला एरर एवढं कागदावर लिहून समोर ठेवा. आणि फोन ठेवण्याआधी तक्रार नंबर मागून घ्या. तो नसेल तर तुम्ही फोन केला होता हे पुढे सांगता येत नाही.

चौथी पायरी: जागा आणि करंट

टँक प्रिंटर सपाट जागी ठेवा आणि शाई भरल्यावर हलवू नका. तिरका झाला की शाई आत सांडते. नेण्याची वेळच आली तर गाडीच्या डिकीत आडवा घालू नका, सरळ धरून न्या. उद्यमबाग-मच्छे भागात ऑफिस असेल तर प्रिंटरवर कापड टाकत चला. फाउंड्रीची बारीक धूळ कागद ओढणाऱ्या रबरी रोलरवर बसते आणि रोलरची पकड जाते.

करंटचं जरा नीट वाचा. हेस्कॉमची लाइट गेली-आली यात इंकजेट आणि टँक प्रिंटर फार सोसतात. काम थांबवताना यंत्र आपलं हेड कडेला नेऊन रबराच्या टोपीखाली ठेवतं. भिंतीवरचं बटण बंद केलंत किंवा मध्येच लाइट गेली की हेड उघडं राहतं आणि शाई वाळते. नेहमी प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद करा. लाइट जाऊन आली की एकदा चालू करा, हेड जागेवर जाऊ द्या, मग बटणाने बंद करा. टँक प्रिंटर बल्बएवढाच करंट खातो, छोट्या यूपीएसवर बिनधास्त चालतो.

लेझर मात्र घरच्या यूपीएसला लावू नका. फ्यूजर तापताना तो काही क्षण शेकडो वॉट ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस तिथे कोसळतो आणि सोबत कॉम्प्युटरही बंद पडतो. लेझर सरळ भिंतीच्या चांगल्या सॉकेटमध्ये.

पाचवी पायरी: कागद, आणि आपला पाऊस

आषाढ-श्रावणात माझ्याकडे येणाऱ्या "बिघडलेल्या" प्रिंटरांत बहुतेकांचा दोष कागदाचा असतो. खानापूर, कणकुंबीकडच्या लोकांना हे सांगायला नको, तिथे कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात. कागद हवेतला ओलावा पितो. मग दोन पानं एकमेकांना चिकटून आत जातात, लेझरमधून पान वळी पडून बाहेर येतं, कधी फ्यूजरमधून वाफ निघते आणि माणूस घाबरून प्लग ओढतो.

कागदाची रीम ५०० पानांची असते. फोडल्यावर तिचं वेष्टन फेकू नका, त्यातच गुंडाळून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. ट्रेमध्ये आजच्या कामापुरतीच पानं घाला, रात्री उरलेली काढून डब्यात. घालण्याआधी गठ्ठा पत्त्यांसारखा फुलवून घ्या, कडा टेबलावर ठोकून सारख्या करा. पावसाळ्यात ७० जीएसएमच्या पातळ कागदापेक्षा ७५ किंवा ८० जीएसएम घ्या. जे चार पैसे जास्त जातात ते जॅममध्ये वाया जाणाऱ्या पानांत वसूल होतात. एकदा छापलेल्या पानाची पाठ वापरायची सवय चांगली आहे, पण टाचणी, स्टेपलची पिन, घडी असलेलं पान लेझरमध्ये कधीही घालू नका. एका पिनेने ड्रमवर ओरखडा पडतो आणि तो प्रत्येक पानावर दिसत राहतो.

सहावी पायरी: पहिलं पान छापताना

लाल दिवा लागून प्रिंटर गप्प बसण्यामागे हे कारण इतक्यांदा सापडतं की ठळक अक्षरांत लिहावंसं वाटतं. ट्रेमध्ये कागद ए४ असतो आणि फाइल लेटर किंवा लीगल साइजची असते. प्रिंटर दुसऱ्या कागदाची वाट बघत थांबतो. छापण्याआधी प्रिंटच्या खिडकीत पेपर साइज ए४ करा. आणि कंट्रोल पॅनेलमधून प्रिंटरच्या मूळ सेटिंगमध्येही एकदाच ए४ करून ठेवा, म्हणजे रोजची कटकट मिटते. दस्ताच्या लांब कागदावर छापायचं असेल तेव्हाच लीगल.

उतारा, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला छापताना शाई वाचवणारा ड्राफ्ट मोड बंद ठेवा. त्यावरचा क्यूआर कोड फिका आला तर स्कॅन होत नाही, आणि मग नाडकचेरीच्या खिडकीवरून परत पाठवतात.

आपल्याकडे रोज दोन लिप्या छापाव्या लागतात, त्याचाही एक त्रास आहे. श्रीलिपीत टाइप केलेलं मराठी किंवा नुडीत केलेलं कन्नड पत्र दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं की पानभर विचित्र चिन्हं दिसतात. लोक प्रिंटरला दोष देतात. तो फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर नसतो, बाकी काही नाही. ज्या कॉम्प्युटरवर टाइप केलं तिथेच पीडीएफ करून घ्या आणि ती छापा. नवीन मजकूर तर युनिकोडमध्येच टाइप करा. व्हॉट्सअॅपवरून पाठवताना फाइल फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबून लहान केला जातो आणि छापल्यावर अक्षरं मिसळतात.

सातवी पायरी: अडला की काय करायचं

कागद अडकला तर आधी यंत्र बंद करा. लेझर असेल तर दहा मिनिटं थांबा, आत हात भाजतो. मग कार्ट्रिज बाहेर काढा आणि जाड कापडाखाली ठेवा, ड्रमला उजेड सोसत नाही. कागद ज्या दिशेने जातो त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढा. एका हाताने हिसडा मारला की कोपरा आत तुटून राहतो आणि तो तुकडा पुढचा महिनाभर छळतो. मागचं झाकण उघडायला विसरू नका, निम्मे तुकडे तिथेच असतात. सुरी, चिमटा, केसांची पिन, काही घालू नका.

कागद आत ओढलाच जात नसेल तर रोलर बघा. धागे न सुटणारं कापड किंचित ओलं करून रबर फिरवत फिरवत पुसा, वाळू द्या. तरीही घेत नसेल तर रबर गुळगुळीत झालंय, बदलायचं. किरकोळ काम आहे. त्यासाठी कोणी नवा प्रिंटर घ्या म्हणालं तर तिथून उठा.

कॉम्प्युटरवरून दहादा प्रिंट दिली आणि काहीच आलं नाही, तर अकराव्यांदा देऊ नका. रांग अडलेली असते. प्रिंटर बंद करा. विंडोजमध्ये सर्व्हिसेसची यादी उघडा, त्यात ही रांग सांभाळणारा प्रिंट स्पूलर शोधून स्टॉप करा. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम ३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स हे फोल्डर उघडा आणि आतल्या फाइली पुसा. फोल्डर ठेवा, फक्त आतलं पुसा. मग स्पूलर पुन्हा स्टार्ट, प्रिंटर चालू. पहिल्यांदा कोणाला तरी शेजारी बसवून करा, दुसऱ्यांदा तुम्हीच कराल.

प्रिंटर ऑफलाइन दाखवत असेल आणि तो वायफायवर असेल, तर राउटर बघा. घरगुती प्रिंटर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच जोडले जातात, ५च्या नेटवर्कवर दिसत नाहीत. लाइट जाऊन राउटर पुन्हा चालू झाला की प्रिंटरला नवा पत्ता मिळतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो. एकच कॉम्प्युटर असेल तर मी वायफायच्या नादी लागू नका म्हणते. यूएसबीची वायर लावा.

पान येतं पण खराब येतं, तर पानच काय झालंय ते सांगतं. लेझरमध्ये उभी पांढरी पट्टी असेल तर टोनर संपत आलाय. कार्ट्रिज काढून दोन्ही बाजूंना हळू हलवा, आणखी काही पानं निघतील. उभी काळी रेघ असेल तर ड्रमला ओरखडा किंवा ब्लेड खराब. सारख्या अंतरावर तोच ठिपका असेल तर ड्रम किंवा एखादा रोलर. पान सगळं राखाडी असेल तर ड्रम झिजलाय, नाहीतर वाया गेलेल्या पुडीची जागा भरलीय. बोटाने अक्षर पुसलं जात असेल तर फ्यूजर तापत नाही किंवा त्यावरचं टेफ्लॉन फाटलंय. एवढं तुम्हाला कळतंय असं दिसलं की रिपेअरीवालाही नीट बोलतो.

टँक प्रिंटरमध्ये रेघा तुटत असतील तर आधी नोझल चेकचं, म्हणजे हेडची भोकं तपासायचं, पान काढा, मग एकदा हेड क्लीनिंग, पुन्हा चेक. दोन-तीनदा करून सुधारलं नाही तर रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी बघा. सलग सात-आठ वेळा क्लीनिंग करू नका. ती सगळी शाई यंत्राच्या तळाच्या स्पंजात जाते. स्पंज भरला की यंत्राचा मोजणी-आकडा संपतो आणि ते काम बंद करतं. तेव्हा "रिसेट मारून देतो" म्हणणारे पुष्कळ भेटतील. नुसत्या रिसेटने आकडा शून्य होतो, स्पंज भरलेलाच राहतो आणि एक दिवस शाई टेबलावर उतरते. स्पंज बदला आणि मग रिसेट करा, असं सांगा.

आठवड्यातून एक रंगीत पान छापलंत तर हेड बुजण्याचा त्रास मुळातच कमी होतो. मुलांना चित्र काढून द्या रंगवायला, काहीही.

रिफिल, चिप आणि कंपन्यांचा हट्ट

टोनर भरून घेणं यात चूक काही नाही. फक्त समोर उभं राहून भरून घ्या. वाया गेलेली पूड आधी बाहेर काढली पाहिजे. ती नव्या पुडीत मिसळणाऱ्याकडे परत जाऊ नका. वॉरंटीच्या वर्षात मात्र मूळ टोनर-शाईच वापरा, कारण रिफिलने झालेला बिघाड कंपनी वॉरंटीत धरत नाही. पूड सांडली तर हातावर गार पाणी, गरम नको. आणि घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ती ओढू नका, बारीक पूड फिल्टरमधून पार होऊन घरभर उडते.

नव्या कार्ट्रिजांत चिप असते आणि प्रिंटर तिला ओळख विचारतो. सप्टेंबर २०१६मध्ये एचपीच्या काही इंकजेटांनी अचानक दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिजं नाकारली. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी तारीखच घातलेली होती. ग्राहक चिडले, कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. पुढे इटलीच्या स्पर्धा आयोगाने २०२०मध्ये याच वागण्याबद्दल १ कोटी युरोंचा दंड केला. कॅननवर २०२१मध्ये अमेरिकेत दावा लागला तो दुसऱ्या कारणाने: शाई संपली की ऑल-इन-वन, म्हणजे छापणं-स्कॅन-कॉपी एकत्र असलेलं, यंत्र स्कॅनिंगही करत नाही. स्कॅनिंगला शाई लागते तरी कशाला? माणसाने पैसे मोजून आणलेल्या वस्तूवर हक्क त्याचाच असला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. म्हणून विकत घेताना विचारा की रिफिल चालतं का, इंटरनेटशिवाय छापता येतं का, एक रंग संपला तर काळं निघतं का आणि स्कॅन होतं का. उत्तर बिलाच्या पाठीवर लिहून सही मागा. पुष्कळ दुकानदार देतात.

कोणी ऐकलंच नाही तर

तक्रार नंबर घेतला, माणूस आला नाही, किंवा वॉरंटीत पैसे मागितले. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लावा. मराठीतही बोलता येतं. बिल, सिरियल नंबर, तक्रार नंबर हाताशी ठेवा. बरीच प्रकरणं इथेच सुटतात, कारण हेल्पलाइन तक्रार थेट कंपनीकडे पाठवते.

तिथेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. इथे सीमाभागातल्या माणसाला एक मोठी सोय आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२०पासून लागू झाला. त्याच्या कलम ३४प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा पोटासाठी काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. वस्तू कोल्हापुरातून घेतली आणि तुम्ही निपाणीत राहता, तर बेळगावच्या आयोगात जा. "बिल महाराष्ट्राचं" हे कारण तिथे चालत नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची.

छोट्या धंदेवाल्यांसाठीही सांगते. धंद्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही असं सांगून तुम्हाला घालवून देतील. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः चालवायला घेतलेली वस्तू बसते, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. एकटीने झेरॉक्सचं दुकान चालवणारी बाई ग्राहकच आहे.

क्लासवाल्या सरांना मी हेच कलम ३४ कागदावर लिहून दिलं. त्यांनी ते सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर ठेवलं, तक्रार नंबर आणि तारखांसकट. आठ दिवसांत प्रिंटर चालू होऊन परत आला.

जुना प्रिंटर काढताना

रद्दीवाल्याच्या गाडीवर टाकू नका. प्रिंटर आणि कार्ट्रिज दोन्ही ई-कचऱ्याच्या नियमांत येतात, ज्या कंपनीचा आहे तिच्या वेबसाइटवर किंवा सर्व्हिस सेंटरात परत घेण्याची सोय विचारा. देण्याआधी वायफायचा पासवर्ड पुसायला फॅक्टरी रिसेट करा, टाकीतली शाई सांडणार नाही असं बघा. आणि स्कॅनरचं झाकण उचलून काच बघा. माझ्याकडे आलेल्या जुन्या यंत्रांच्या काचेवर आजवर आधार कार्डं, एक घराचा उतारा आणि कोणाच्या तरी आजीचा फोटो सापडलाय.